मुखवटे अनेक, मालक एक

सरकारी कार्यालयात किरकोळ खरेदी करायची तर तीन दरपत्रके मागवावीत, हा नियम शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना पाठ असतो. ही तिन्ही दरपत्रके पुष्कळदा एकाच घरातून येतात, हेही सर्वांना ठाऊक असते. एक स्वतःच्या नावाचे, दुसरे मेहुण्याच्या, तिसरे पत्नीच्या. शिक्के वेगळे, सह्या वेगळ्या. शुद्धलेखनाची चूक मात्र तिन्हीकडे तीच. कागदोपत्री स्पर्धा झालेली असते आणि प्रत्यक्षात कोणीच कोणाशी स्पर्धा केलेली नसते. २००२ च्या स्पर्धा कायद्याने संगनमताने भरलेल्या निविदा स्पर्धेला मारक ठरवल्या, त्या याच कारणासाठी. मग हाच खेळ इंटरनेटवर चालतो तेव्हा आपण त्याला हुशारी का म्हणतो?

मी जव्हार-मोखाड्याच्या मुलखात वर्षानुवर्षे हिंडतो आहे. दाभोसा धबधबा, सूर्यमाळ, जव्हारचा जयविलास राजवाडा यांच्या ओढीने पावसाळ्यात आता मुंबई-नाशिकचे पर्यटक येऊ लागले आहेत. अशाच काही मंडळींसाठी मुक्कामाची सोय पाहावी म्हणून मी संगणकावर शोध घेतला. पहिल्या पानावरची चार संकेतस्थळे एकेक करून उघडली. नावे वेगळी, रंग वेगळे. पण धबधब्याचे छायाचित्र तेच, वर्णनातली वाक्ये तीच आणि तळाशी दूरध्वनी क्रमांकही तोच! जव्हारचा पत्ता मात्र एकावरही नाही. चार दुकाने फिरून भाव काढला असे समजणारा गिऱ्हाईक वस्तुतः एकाच गल्ल्यासमोर चार वेळा उभा राहिला होता.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. शोधाचे पहिले पान ही बाजारपेठेतली चव्हाट्याची जागा. तिथे जेमतेम दहा ओटे. त्यांतले चार एकाने अडवले, की चार जण मागे ढकलले जातात, आणि दुसऱ्या पानापर्यंत जाण्याइतका वेळ फार थोड्यांना असतो. मागे कोण जातो? घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारा, नागलीची भाकरी वाढणारा मोखाड्याचा तरुण. चार संकेतस्थळे उभारायला लागणारा पैसा आणि माहितगार माणूस त्याच्यापाशी नाही. त्याची चूक एवढीच, की त्याला एकच नाव आहे.

वारली चित्रांचेही तेच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. म्हणजे नावाला संरक्षण मिळाले. पण त्या नावाने शोध घेतल्यावर दिसणाऱ्या जागेला कसले संरक्षण? ती ज्याच्या हाती साधने त्याची.

एकाने अनेक संकेतस्थळे चालवणे हाच अपराध, असे मात्र मी म्हणणार नाही. चेन्नईच्या मॅट्रिमोनी डॉट कॉमने मराठी, तामिळ, तेलुगू अशी भाषावार स्थळे काढली. नावावरूनच त्यांचे गोत्र कळते, आणि मराठी वधू शोधणाऱ्याची त्यात सोयच होते. गरजा वेगळ्या असतील तर दारे वेगळी असावीत. परंतु मेकमायट्रिप आणि गोआयबिबो २०१७ पासून एकाच समूहाचे आहेत, बुकिंग डॉट कॉम आणि अगोदा यांचा मालकही एकच, हे किती प्रवाशांना ठाऊक असते? हे समूह मालकी लपवत नाहीत, ती जाहीर आहे. तरीही दोन्हीकडचे भाव ताडून पाहिल्याचे समाधान मानणाऱ्याला ती दिसत नाही. बड्या, जाहीर कंपन्यांची ही कथा, तर निनावी दलालांचे काय सांगावे?

गूगलला हा प्रकार अपरिचित नाही. एकाच शोधासाठी किरकोळ फरकाची अनेक संकेतस्थळे उभी करणे त्यांच्या नियमावलीत गैर मानले आहे. अशा ‘डोअरवे’ पानांविरुद्ध २०१५ मध्ये त्यांनी पावले उचलली. २०१९ मध्ये एका संकेतस्थळाचे सहसा दोनच दुवे वर दिसतील अशी व्यवस्थाही केली. पण ही मोजणी संकेतस्थळाची, मालकाची नव्हे. मजकूर थोडा फिरवला, नाव नवे घेतले, की चाळणीतून सुटता येते.

उपाय बंदीचा नाही, उजेडाचा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार कायदेशीर नाव व मुख्यालयाचा पत्ता देणे बंधनकारक आहे. पण तो मजकूर बहुधा कोणी उघडत नाही अशा पानाच्या कोपऱ्यात पडून असतो. तो दर्शनी भागात हवा. त्याच मालकाची अन्य स्थळेही तिथेच नमूद हवीत. शोधयंत्रानेही दुव्याखाली मालकाचे नाव छापावे. आणि जव्हारची नगरपरिषद, जी १९१८ सालची आहे, तिने व मोखाड्याच्या ग्रामपंचायतींनी स्थानिक घरमालक, वाटाडे आणि कलावंतांची एक साधी, खात्रीची यादी प्रसिद्ध करावी. त्याला मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

याच मुलखात बोहाडा होतो. रात्रभर देव-दैत्यांची सोंगे नाचतात. पण कोणते सोंग कोणत्या घराचे, हे गावाला ठाऊक असते; म्हणून त्या मुखवट्यांत फसवणूक नसते, उत्सव असतो. मुखवटा घालायला कोणाचीच हरकत नाही. मागचा माणूस कोण, हे विचारण्याचा हक्क तेवढा पाहणाऱ्याकडे राहिला पाहिजे. तो गेला, की बाजार भरलेला दिसतो आणि निवड मात्र उरलेली नसते.