मखमल खोटी असली म्हणून काय बिघडले?

अमेरिकेत ऑगस्टअखेरीस पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगे पुरती वाढलेली असतात, पण त्यांच्यावरची मखमल अजून उतरलेली नसते. पुढच्या काही दिवसांत नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन वाढते, शिंगाचे हाड टणक होते, मखमलीचा रक्तपुरवठा थांबतो आणि नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती सोलून टाकतो. इतका थोडा अवधी मिळतो म्हणूनच तिथल्या शिकाऱ्यांना मखमली शिंगांचे भारी अप्रूप. टेनेसी राज्याने तर २०१८पासून ऑगस्टमध्येच तीन दिवसांचा वेगळा हंगाम ठेवला आहे. शिकार असावी की नसावी, हा वाद इथे बाजूला ठेवू. मारलेल्या हरणाचे डोके भिंतीवर लावताना त्यावरची खरी मखमल टिकवण्याचा अट्टहास मात्र सोडावा आणि शोभेसाठी कृत्रिम मखमल लावावी, असे माझे मत आहे.

दिसायला खरी मखमल नुसती मऊ लव वाटते. प्रत्यक्षात ती रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंनी भरलेली कातडी असते. तिच्याखाली हाड विलक्षण वेगाने वाढते. वापितीसारख्या हरणांच्या मोठ्या जातींत दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंतही. एवढी वाढ पोसायची तर रक्तही तसेच भरपूर लागणार, आणि जनावर मेल्यावर हेच रक्त उन्हाळ्याच्या उष्म्यात झपाट्याने नासते, मग केस मुळापासून सुटू लागतात. अंगावरची कातडी काढून, मीठ लावून कमावता येते. फांद्याफांद्यांच्या हाडाला चिकटलेली ही कातडी अखंड सोडवणे मात्र महाकठीण. म्हणून कारागीर टोकांना बारीक छेद देतात, शिंगे उलटी टांगून रक्त निथळू देतात आणि बुंध्याजवळच्या रक्तवाहिन्यांत सुईने फॉर्मॅलिन भरतात. हे काम पुष्कळदा घरामागच्या गॅरेजात चालते. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच दिलेला आहे. पेंढा भरण्याच्या या धंद्याला विषाचे वावडे कधीच नव्हते म्हणा. जुन्या काळी कातडीला आर्सेनिकचा साबण चोळत, आणि तो चोळलेले प्राणी हाताळताना संग्रहालयातल्या माणसांना आजही हातमोजे घालावे लागतात.

त्याहून गंभीर गोष्ट रोगाची. हरणांना खंगवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ १९६७मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत पसरला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. रोगट वापितींच्या शिंगांवरच्या मखमलीतही हे प्रायॉन असतात, असे २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण फॉर्मॅलिनने प्रायॉन निष्प्रभ होत नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणजे बाधित भागातली कच्ची मखमली शिंगे कारागिराकडे नेणारा माणूस कोरडे हाड नेत नसतो, रक्तामांसाचा अवयव नेत असतो.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. कृत्रिम तंतू चिकटवलेले शिंग म्हणजे फसवणूक, असे अनेकांना वाटते. पण भिंतीवरच्या त्या डोक्यातले डोळे काचेचे असतात, आतला साचा फोमचा असतो, नाकाचा ओलावा वॉर्निशचा असतो. इतके सगळे निमूटपणे चालवून घेणाऱ्याने मखमलीपाशीच अडून बसावे, ही गंमतच आहे. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारा, थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७मध्ये स्थापन केलेला ‘बून अँड क्रॉकेट क्लब’सुद्धा मखमल काढल्याशिवाय शिंगे मोजत नाही. फसवणूक होते ती लपवल्यामुळे; तेव्हा कारागिराने पावतीवर ‘मखमल कृत्रिम’ एवढे लिहून द्यावे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गोठवून सुकवण्याच्या पद्धतीत फॉर्मॅलिन लागतेच असे नाही, मग ती का नको? मात्र तिची यंत्रे महाग, वेळ बराच लागतो, आणि न कमावलेली कातडी तशीच राहिल्याने कसर आणि कातडी खाणारे भुंगे तिच्यावर ताव मारतात. रोगाचा प्रश्नही सुटत नाही, कारण सुकवल्याने प्रायॉन मरत नाहीत.

खऱ्या मखमलीचा हक्क एकाच ठिकाणी मानावा लागेल: अभ्यासाच्या संग्रहात. दरवर्षी गळून पुन्हा उगवणारा असा अवयव सस्तन प्राण्यांत दुर्मीळ, त्यामुळे त्याच्या ऊती संशोधकांना हव्याच असतात. पण त्यांनाही फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला नमुना फारसा उपयोगी नाही, कारण त्यात डीएनएची मोडतोड होते. तिथे नमुने अतिथंड तापमानात ठेवलेले बरे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीच्या शोभेचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टॅक्सिडर्मी केंद्रासारख्या ठिकाणी उद्या मखमल असतानाच मेलेला एखादा चितळ आला, तर ऊतींचे नमुने आधी प्रयोगशाळेत पाठवावेत आणि लोकांपुढे मांडायच्या शिंगांवर खुशाल कृत्रिम मखमल लावावी.