उसने स्वमत

जून उजाडला की कळव्यातील वह्यापुस्तकांच्या दुकानांत पालकांची रीघ लागते. पाठ्यपुस्तकांबरोबर मार्गदर्शकांचीही खरेदी होते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्नप्रकार असतो. पाठातील एखाद्या विचाराविषयी आपल्याला काय वाटते, ते विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत मांडावे, हा त्यामागील सद्हेतू. मार्गदर्शकात मात्र या स्वमताचे उत्तरही छापून तयार असते. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि गुण मिळवतो. एकाच मार्गदर्शकावर विसंबलेल्या मुलांचे ‘स्वतःचे’ मत मग स्वल्पविरामासह सारखे निघते आणि त्यात काही विपरीत घडले असे कुणालाच वाटत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर उसनवारीची रक्कम भांडवल म्हणून दाखवण्याचा हा प्रकार आहे.

व्यापारी घरांतील मुलांना रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द परके नाहीत. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरते. पण केवळ रोजकीर्द पाहून कोणाकडून किती येणे आहे आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद उचलून तिच्या तिच्या खात्यावर न्यावी लागते. हीच खतावणी. शाळेतील वही ही बहुधा रोजकीर्दच असते. फळ्यावरचे वहीत आले, तारीख पडली, शिक्षकांची सही झाली. ‘हे मला पटले का? माझ्या अनुभवाशी ते कुठे जुळते, कुठे अडते?’ ही खतावणी मात्र राहून जाते. वर्षाअखेरीस वह्या भरलेल्या असतात. शिल्लक काय राहिली, ते कुणी पाहत नाही.

जैन परंपरेने स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपांत केली आहे, ती उगाच नव्हे. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार येतात : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आधी पाठ घ्यावा, मग शंका विचारावी, मग त्यावर मनाशी चिंतन करावे, त्यानंतर शुद्ध उच्चाराने घोकावे आणि शेवटी इतरांना सांगावे. आगमांतील क्रम थोडा निराळा आहे. तेथे घोकणे, म्हणजे परिवर्तना, अनुप्रेक्षेच्या आधी येते. पृच्छना मात्र दोन्हीकडे दुसरीच आहे. प्रश्न विचारल्याशिवाय पुढची पायरी नाही, याविषयी दुमत नाही. आजचा विद्यार्थी वाचनेवरून थेट घोकंपट्टीवर उडी घेतो. पृच्छना आणि अनुप्रेक्षा, म्हणजे चर्चा आणि चिंतन, या मधल्या पायऱ्या त्याच्या वेळापत्रकात बसतच नाहीत.

या पायऱ्या शाळेत बांधता येतात, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. ते स्वतः लिहीत आणि मुले वाचत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. १९३० मध्ये शाळा सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. अवघ्या सहा वर्षांची ही नोकरी. पण त्यातील एक गोष्ट आजच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. मुलांनी लिहावे असे सांगण्याआधी गुरुजी स्वतः लिहीत होते. ज्याच्या हातात केवळ लाल शाईची लेखणी आहे त्याच्यापुढे मूल मन उघडे करीत नाही. जो स्वतःही कागदावर उतरतो त्याच्यापुढे करते.

साधारण त्याच सुमारास दूर फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक खेड्यातील शिक्षक याच वाटेने चालला होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. तेव्हा त्याने मुलांनाच बोलते आणि लिहिते केले. वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले आपल्या अनुभवाचे लिहीत, ते वर्गात वाचून दाखवीत. वर्ग त्यातील एक लेख निवडी, सर्वजण मिळून तो सुधारीत आणि मुले स्वतःच्या हातांनी खिळे जुळवून छापीत. ती पाने ब्रिटनी प्रांतातील एका शाळेकडे जात आणि तेथील मुलांची पाने इकडे येत. आपले लिहिणे कुणीतरी खरोखर वाचणार आहे, हे कळल्यावर मूल काळजीपूर्वक लिहिते, असा त्याचा अनुभव होता. तपासनीस आणि वाचक यांत मोठे अंतर आहे. तपासनिसाला चूक हवी असते, वाचकाला माणूस.

हे कळव्यातील एखाद्या नववीच्या वर्गात कसे उतरेल? समजा, भूगोलाच्या तासाला दरडी कोसळण्याचा विषय निघाला. पुस्तकात कारणे आणि उपाय क्रमवार दिलेले आहेत. पण पारसिकचा डोंगर वर्गाच्या खिडकीतून दिसतो आणि त्याच्या उतारावर वस्ती आहे. त्या वर्गात उतारावरच्या घरातून येणारा मुलगा असेल आणि खारेगावच्या बहुमजली इमारतीतील मुलगीही असेल. मुलगी आपल्या वहीत लिहील की, उतारावरची घरे धोक्याची आहेत, ती हटवली पाहिजेत. मुलगा लिहील की, जोराच्या पावसात रात्री आई झोपत नाही. पण येथून उठून जायचे कुठे आणि वडिलांनी कामावर पोहोचायचे कसे? दोघांचेही लिहिणे खरे आहे. ही दोन पाने एकाच तासाला वाचली गेली, तर पुस्तकातील दरड प्रथमच त्या वर्गापर्यंत पोहोचेल. मुलीला आपले मत बदलावे लागेल असे नव्हे. धोका आहे, हे मुलालाही नाकारता येणार नाही. परंतु ‘हटवली पाहिजेत’ या वाक्यापुढे ‘आणि त्यांना कुठे नेले पाहिजे’ हा प्रश्न तिच्याच हाताने लिहिला जाईल. अनेकान्त म्हणतात तो हाच. प्रवचनात तो हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टान्ताने समजतो. वर्गात तो शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

यास यंत्रसामग्री लागत नाही. दोनशे पानी एक वही, आठवड्याला एक पान आणि दोन प्रश्न : या आठवड्यात शिकलेले काय पटले, आणि काय अडले? शिक्षकांनी गुण देऊ नयेत. पानाखाली केवळ एक प्रश्न लिहावा. आठवड्यातून एक तास चर्चेचा. लिहिणाऱ्याची संमती असेल तरच त्याचे पान वाचले जावे आणि उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, त्याला ते मान्य झाल्यावरच आपले मत मांडावे. पन्नास विद्यार्थ्यांचा वर्ग धरला आणि एका पानाला तीन मिनिटे दिली, तर आठवड्याला अडीच तास होतात. पाच दिवसांत वाटल्यास रोजचा अर्धा तास. अभ्यासक्रम आणि कार्यालयीन कामांच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकाला हा अर्धा तासही जड आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हणून शाळेने तो वेळापत्रकात धरावा. शिक्षकाच्या सद्भावनेच्या खात्यावर टाकू नये.

आणखी एक पथ्य आहे. बँकेत खातेदाराच्या शिलकेची वाच्यता होत नाही. तोच नियम या वहीला लागू हवा. मुलाने घरातील भांडणाविषयी, भीतीविषयी लिहिले आणि ते पालकसभेत उघड झाले, तर दुसऱ्या दिवसापासून वर्गातील सगळ्या वह्यांत मार्गदर्शकाची भाषा उतरेल. एखाद्या पानातून मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला, तर शिक्षकाने गप्प राहू नये. हा एकच अपवाद आणि तो मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेला असावा. विश्वास ही अशी ठेव आहे की, मुदतीपूर्वी मोडली तर व्याज जातेच, मुद्दलही जाते.

जैन समाजाला याचा एक थोर पूर्वज लाभला आहे. आग्र्याचे व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या नावाने आपले आयुष्य पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षापर्यंतची ही अर्धी कथा. व्यापारातील खोट, तारुण्यातील भरकटणे, नऊ अपत्यांचा वियोग, सारे त्यांनी लपवाछपवी न करता नोंदवले आणि शेवटी आपले गुण व दोष समोरासमोर मांडले. आग्र्यात समविचारी गृहस्थांच्या मंडळात अध्यात्माची चर्चा करणारा हा व्यापारी खतावणीचा अर्थ जाणत होता.

मुलांच्या उसन्या स्वमताबद्दल खेद करताना मोठ्यांनी आपली वहीही उघडावी. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ आणि पर्युषणाच्या अखेरीस ‘उत्तम क्षमा’ यांचे सजवलेले संदेश एका बोटाने शेकडो जणांना पाठवले जातात. कोणत्या चुकीसाठी, कोणाची क्षमा मागितली, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. छापील स्वमत आणि छापील क्षमा यांत फरक तो काय? ज्या घरातील वडीलधारे वर्षातून एकदा तरी एका माणसाला नाव घेऊन, चूक सांगून, आपल्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहितील, त्या घरातील मुलाला स्वमत विकत आणावे लागणार नाही.