बालसंसद कीं बाहुल्यांचा खेळ?

प्राथमिक शाळांतून ‘बालसंसद’ निवडण्याची चाल अलीकडे बरीच रूढ झाली आहे. मतदान होतें, बोटास शाई लागते, एक मुख्यमंत्री व पांचसात मंत्री निवडून येतात, छातीवर फिती लावून त्यांचें छायाचित्र निघतें. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मंत्रिमंडळाचें काय झालें हें विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं.

गेल्या महिन्यांत अशाच एका शाळेंत पाहुणे म्हणून जाण्याचा आम्हांस योग आला. तेथें चौथींतील एक मुलगी ‘आरोग्यमंत्री’ होती. ‘बाळ, तुझें खातें काय काम करतें?’ असें विचारतां तिनें एकवार गुरुजींकडे पाहिलें व म्हणाली, ‘मी नखें तपासतें.’ मुलींच्या शौचालयास मात्र कुलूप होतें व किल्ली कार्यालयांत होती. किल्ली मागण्याची लाज वाटते म्हणून मुली शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नाहींत, हें तिनें निघतां निघतां हळूच सांगितलें. ही गोष्ट संसदेंत निघाली होती काय? नाहीं. ती तेथें काढावयाची असते हेंच तिला कोणीं सांगितलें नव्हतें!

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमांतील २९ व्या कलमांत, मुलास भयमुक्त करावें व आपलें मत मोकळेपणीं मांडण्यास साहाय्य करावें, असें स्पष्ट म्हटलें आहे. २१ व्या कलमान्वयें, विनाअनुदान शाळा वगळून, प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती हवी; तींत तीन चतुर्थांश पालक व एकंदर निम्म्या स्त्रिया. उरलेल्या चौथ्या हिश्शाविषयीं केंद्र सरकारचे २०१० चे नियम मोठे मौजेचे आहेत. त्यांतील एक तृतीयांश जागा ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ’ अथवा ‘शाळेंतील मुलें’ यांतून भराव्या, व ती निवड समितींतील पालकांनीं करावी, असें ते सांगतात. राज्यांचे नियम निराळे असूं शकतील. पण तज्ज्ञ आणि मूल यांस नियमकर्त्यानें एकाच ओळींत बसविलें आहे, हें आमच्या तज्ज्ञांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

‘आठ वर्षांच्या पोरास कारभारांतलें काय कळतें?’ असें कांहीं गृहस्थ विचारतील. आमच्या व्यापारी वाचकांसच आमचा उलट सवाल आहे: तुमच्या मुलास गल्ल्यावर बसविल्यावांचून रोकड मिळविणें आलें काय? पहिल्या दिवशीं दहा रुपये चुकले म्हणून त्यास तुम्हीं दुकानांतून हांकलून दिलें काय? १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंतून नयी तालीम पुढें आली, तेव्हां सफाई, स्वयंपाक व कताई हीं शिक्षणाचींच अंगें मानलीं गेलीं. तें अर्थात् निवासी व लहान शाळांस सोपें होतें, हें आम्हांस मान्य आहे. आणि मुलांनीं गुरुजींच्या नेमणुका कराव्या असें तर कोणीच म्हणत नाहीं. पाण्याची टाकी, पुस्तकांचें कपाट, दुपारच्या खिचडीची तक्रार आणि ती किल्ली, एवढें तरी त्यांच्या हातीं द्या. त्यांचें म्हणणें वहींत उतरवा, व मुख्याध्यापकांनीं आठ दिवसांच्या आंत त्याच वहींत उत्तर लिहावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. मतदानानें बहुधा वर्गांतला बोलका व खाऊनपिऊन सुखी मुलगाच निवडून येतो. साताऱ्यास शिकत असतां शिपायानें तोटी सोडल्याखेरीज आपणांस पाणी मिळत नसे, असें डॉ. आंबेडकरांनीं लिहून ठेविलें आहे. ज्यांस तोटी मोकळी होती त्यांच्या बहुमतानें हा प्रश्न सभेंत कधीं आला असता काय? म्हणून मंत्री पाळीपाळीनें व्हावे, आणि नांव न सांगतां लिहिलेली चिठ्ठीहि सभेंत वाचली जावी.

ज्या शाळेची हकीकत वर दिली तिच्या समितीची सभा येत्या पंधरवड्यांत आहे. त्या सभेस चौथींतील ती मुलगी बोलावली जाते कीं नाहीं, हें पाहण्यास आम्हीं जाणार आहों.