भारी मशीन कुठलं?

पीएलमध्ये रात्री दोनला माझा रूम पार्टनर कंबर धरून गडाबडा लोळायला लागला. सोनोग्राफीत निघाला मुतखडा. मी पडलो कॉन्व्हेंटचा, मला हा शब्दच तिथे कळला!

सकाळी त्याचे बाबा सोयाबीनचे पैसे घेऊन गावाहून आले. डॉक्टर म्हणाले, "उद्या लेसर करून टाकू." काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग सांग, यात सगळ्यात भारी मशीन कुठलं?" मला सांगता येईना. नंतर वाचलं तेव्हा कळलं, मुळात प्रश्नच चुकतोय.

लिथोट्रिप्सीत शरीराबाहेरून शॉक वेव्ह सोडून खडा फोडतात. ही तर आपल्याच बिरादरीची देणगी! डॉर्निअर या जर्मन विमान कंपनीचं मशीन म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा पेशंटवर वापरलं गेलं. यात चिरा नाही. पण तुकडे लघवीतूनच पडावे लागतात आणि खडा टणक असला तर पुन्हा पुन्हा सिटिंग.

दुसरी पद्धत लेसरची. लघवीच्या मार्गाने दुर्बीण वर नेऊन चुरा करतात. टाका नाही, एका वेळेत काम होण्याची शक्यता जास्त. पण भूल लागते आणि बरेचदा आत स्टेंट ठेवतात. तो वेळेवर काढायचा विसरलात तर त्यावरच खडे चढतात.

तिसरी पीसीएनएल. पाठीतून छोटं छिद्र पाडून थेट किडनीत जायचं. रक्तस्रावाची भीती जास्त, तरी दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला सहसा हीच पहिली पसंती.

मित्रांनो, लोड किती ते न बघता आपण मोटर निवडतो का? मग इथे आधी मशीन आणि मग खडा, असं का? आकार, जागा, टणकपणा हे आधी विचारा. "आमच्याकडे हेच मशीन आहे" हे काही उत्तर नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "खडा केवढा?" चार मिलिमीटर. "मग थांबू. मात्र ताप आला किंवा लघवी बंद झाली तर लगेच या." औषधं आणि पाण्यावर नवव्या दिवशी खडा पडला. काकांचे बरेचसे पैसे वाचले.

आणि हो, आपल्या हॉस्टेलचा वॉटर कूलर दोन महिने बंद आहे. सगळ्यात स्वस्त मशीन तेच. ते कधी सुरू होणार, सर?