कोळशाचा घरगुती फिल्टर : पाणी नितळ झालं, पण सुरक्षित झालं का?

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ कावीळ घेऊन माझ्याकडे आले. डोळे पिवळे, लघवी गर्द, अन्नावरची वासना उडालेली. पाणी कुठलं पिता, असं विचारल्यावर अभिमानाने म्हणाले, "डॉक्टर, पाण्याची शंकाच नको. मुलाने घरीच कोळशाचा फिल्टर बनवलाय. पाणी अगदी काचेसारखं येतं!"

तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. तो त्याच पाण्यातून आला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घरात सून सात महिन्यांची गरोदर होती आणि तीही तेच पाणी पीत होती. ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो.

कोळसा काय करतो, काय करत नाही?

कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. पाण्यातला वास, रंग, क्लोरीन आणि काही रसायनं त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून पाण्याची चव सुधारते. पण हिपॅटायटिस ईचा विषाणू केवढा? एका मिलिमीटरचे तीस हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा! तो आणि टायफॉइडचे जंतू घरगुती फिल्टरमधून सहज पार होऊ शकतात. पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेटही जसेच्या तसे राहतात.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे त्या पाण्याचं संरक्षण असतं. कोळसा नेमकं तेच काढून घेतो. वर ओल्या कोळशात जंतू वाढतात ते वेगळंच.

मग फिल्टर सुधारायचा कसा?

१. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. वरचं पाणी स्वच्छ कपड्याच्या चार घड्यांतून गाळा.

२. चुलीतला कोळसा किंवा बार्बेक्यूचे ठोकळे वापरू नका. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारा दाणेदार ऍक्टिव्हेटेड कार्बन घ्या. कोळशावर अतिउष्ण वाफेची प्रक्रिया करून तो बनवतात. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून जास्त भरू शकतो! वापरण्याआधी काळं पाणी यायचं थांबेपर्यंत तो धुवा.

३. थर जाड आणि धार बारीक ठेवा. पाणी कोळशाजवळ जितकं रेंगाळेल, तितकं काम चांगलं.

४. कोळसा नियमित बदला. पाण्याला पुन्हा वास येऊ लागला, म्हणजे तो बदलायला उशीरच झाला.

५. सगळ्यात महत्त्वाचं : गाळलेलं पाणी शेवटी उकळा. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट आचेवर राहू द्या. ते जमत नसेल तर क्लोरीनचं औषध पाकिटावरच्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. क्रम उलटा करू नका. आधी क्लोरीन आणि मग कोळसा, असं केलंत तर औषध वाया गेलं.

वाळूचे थर वाढवण्यात, बाटल्या बदलण्यात लोक तासन् तास घालवतात. माझं मत विचाराल तर ती सगळी मेहनत चवीसाठी आहे. आजार टळतो तो पाचव्या पायरीने. ती जमणार नसेल, तर फिल्टर नसलेलाच बरा, कारण नितळ पाण्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो.

त्या घरातली सून सुखरूप बाळंत झाली. फिल्टर अजून तिथेच आहे. मात्र गाळलेलं पाणी आता आधी गॅसवर जातं आणि मगच माठात.

तुमच्या घरी गाळलेलं पाणी कुठे जातं?