गुलमोहराचा काय दोष?

मृगाच्या पहिल्या वादळी सरी कोसळल्या की गोव्यात कोठे ना कोठे गुलमोहर उन्मळून पडतो. रस्ता अडतो, विजेच्या तारा तुटतात, आणि दुसऱ्याच दिवशी उरलेले गुलमोहरही धोकादायक म्हणून तोडावेत, अशी मागणी सुरू होते. या मागणीशी आम्ही सहमत नाही.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तेवढ्यावरून त्याला परका म्हणून हिणवणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बागा मुक्तीनंतर कोणी तोडल्या काय? खरी गोष्ट अशी की, हा वृक्ष भराभर वाढतो, त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळे खोल न जाता आडवी पसरतात. अशा वृक्षास मोकळी जमीन हवी. आपण मात्र त्याला अरुंद पदपथावर, तारांखाली लावतो. बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो, नळाचा चर खणताना एका अंगाची मुळे तोडतो आणि तारांना लागतात म्हणून दुसऱ्या अंगाच्या फांद्या उडवतो. असा लंगडा केलेला वृक्ष पावसाळी वाऱ्यापुढे उभा राहील कसा? राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील वृक्षांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. आमच्या नगरपालिकांनी तशा आदेशाची वाट का पाहावी?

ज्यांना अंगणात गुलमोहर हवा, त्यांनी तो घर, विहीर व गडगा यांपासून दूर लावावा. बी कठीण कवचाचे असते. गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवावे. पावसाच्या आरंभी रोप लावून पहिली दोन-तीन वर्षे काठीचा आधार द्यावा आणि कोवळेपणीच खालच्या फांद्या काढून एक सरळ खोड राखावे. उन्हाळ्याच्या तोंडी पाने झडतात, तेव्हा वाळक्या व चिरलेल्या फांद्या स्पष्ट दिसतात. त्या तेव्हाच उतरवाव्यात. कोयत्याने झाडाचा खुंट करणे ही छाटणी नव्हे. बुंध्यावर बुरशीची छत्री उगवली, तर मात्र आतून कूज लागली असे समजावे.

१९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते. ती देताना वनखात्याने सरसकट न ठरवता एकेक झाड तपासावे. पोखरलेले खुशाल काढावे. धडधाकट झाडांभोवतीचे सिमेंट पुढच्या पावसाआधी फोडण्याचे काम नगरपालिकांनी अंगावर घ्यावे.