प्रबंधाची भाषा आणि ज्ञानाची मक्तेदारी

इंग्रजीचा प्रश्न निघाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत साधारणतः दोन सूर उमटतात. एक सूर डॉ. लोहियांच्या 'अंग्रेजी हटाव'ची आठवण करून देतो आणि तेथेच थांबतो. दुसरा सूर ज्यांची मुले शिकत आहेत अशा साथींचा असतो. तो खालच्या आवाजात विचारतो की, इंग्रजीवाचून पोरांचे अडते त्याचे काय? पहिला सूर व्यासपीठावर ऐकू येतो, दुसरा चहाच्या वेळी. या दोहोंच्या मधला प्रश्न मात्र कोणी उपस्थित करीत नाही. ज्या इंग्रजीत आमच्या मुलामुलींनी शोधनिबंध व प्रबंध लिहावेत अशी विद्यापीठीय व्यवहाराची अपेक्षा आहे, ती इंग्रजी त्यांना कोणी, कधी आणि कोठे शिकविली?

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे पीएच.डी. करणारी मुले अधूनमधून येतात. त्यांच्या प्रकरणांवर लाल शाईतला शेरा बहुधा एकच असतो: भाषा सुधारा. ती कशी सुधारावी हे शेऱ्यात नसते. या शेऱ्याचा नेमका अर्थ तरी काय, हे समजून घेण्यासाठी गेल्या वर्षी मी इंग्रजीतील शोधलेखनाचा एक प्रगत अभ्यासक्रम घरबसल्या संगणकावर पूर्ण केला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठीच तो आखलेला होता. बारा आठवडे, दर आठवड्याला एक लेख, आणि तो सहाध्यायांनी तपासायचा, अशी त्याची रीत होती.

या बारा आठवड्यांपैकी निव्वळ इंग्रजी म्हणावी अशी बाब जेमतेम तीन आठवड्यांची निघाली. 'अ' आणि 'द' ही उपपदे कोठे येतात व कोठे येत नाहीत, हा त्यातील सर्वांत चिवट भाग. मराठीत अशी उपपदेच नसल्यामुळे मराठी माणसाचा हात तेथे अडखळतो. अर्थाचा अनर्थ क्वचितच होतो. परीक्षकाच्या डोळ्यांना मात्र ते खुपते. उरलेले नऊ आठवडे कशाचे होते? आपले म्हणणे एका वाक्यात मांडणे, ते प्रारंभीच मांडणे, एका परिच्छेदात एकच मुद्दा चालविणे, दुसऱ्याचे मत त्याच्या नावावर व आपले आपल्या नावावर ठेवणे, आणि पुरावा जेवढा असेल तेवढ्याच ठामपणाने बोलणे. यांपैकी एकही गोष्ट इंग्रजी भाषेची मिरास नाही. आमच्या शाळेतील निबंध सुभाषिताने उघडतो, वळणे घेत जातो आणि निष्कर्ष शेवटच्या ओळीत ठेवतो; इंग्रजी शोधनिबंध फळ आधी हातात देतो व झाड मागाहून दाखवितो. सवयीचा हा फरक समजावून सांगितला तर आठ दिवसांत कळण्यासारखा आहे. न सांगितला तर आयुष्यभर 'भाषा कच्ची' हा शिक्का बसतो.

ठामपणाच्या मापाविषयीचा धडा मला विशेष आवडला. 'निजामी राजवटीमुळे मराठवाडा मागासलेला आहे' हे वाक्य सभेत टाळ्या घेते. शोधनिबंधात मात्र कोणत्या तालुक्यांचे, कोणत्या वर्षांचे, सिंचनाचे की साक्षरतेचे आकडे पाहून हे म्हणता, असे विचारले जाते आणि मग 'या आकड्यांवरून असे दिसते की' एवढेच लिहिण्याची मुभा मिळते. (आपल्या पक्षाच्या ठरावांनाही हा धडा थोडाफार मानवेल.) त्याच अभ्यासक्रमातील एक नियम मात्र गमतीचा वाटला: सर्वज्ञात गोष्टीला आधार देण्याची गरज नाही. सर्वज्ञात कोणाला? १७ सप्टेंबर १९४८ रोजी काय घडले हे आमच्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते, परदेशातील परीक्षकाला नसते. उलट तेथील विद्यापीठांच्या आवारातील ज्या गोष्टी अभ्यासक्रमाने गृहीत धरल्या होत्या, त्या आम्हाला शोधून काढाव्या लागल्या. 'सर्व' या शब्दाची व्याप्ती कोण ठरवितो, हा भाषेपेक्षा सत्तेचा प्रश्न आहे.

पुराव्यानिशी लिहिणे मराठीला परके आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे एक रूढी आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, त्या आठवणी सांगणाऱ्यांना गाठून आणि ताडून पाहून. महानुभाव परंपरेने पुढे पाठभेदांची नोंद ठेवली. 'वासना' आणि 'शोध' हे त्यासाठी रूढ झालेले शब्द आहेत. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथाभोवती कोण काय म्हणाले याची एवढी काळजी घेतली गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला तेव्हा या ग्रंथांचा गौरवाने उल्लेख झाला. त्यांच्या शिस्तीचा वारसा आज एखाद्या पदव्युत्तर वर्गात शिकविला जातो काय?

मग ही विद्या कोणाला मिळते? ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ज्यांचे आईवडील स्वतः असे लिहितात, जे मोठ्या शहरांतील निवडक संस्थांत शिकतात, त्यांना ती न शिकविताच लागते. इतरांपर्यंत ती पोहोचू नये अशी कोणी योजना केली आहे असे मी म्हणत नाही. पण एखादी वस्तू सर्वांना आवश्यक करायची आणि तिचा पुरवठा मूठभरांच्या हाती राहू द्यायचा, याला अर्थशास्त्रात कृत्रिम टंचाई म्हणतात, आणि टंचाईवर कोणी ना कोणी खंड वसूल करतोच. आमच्या जिल्ह्याला शिकवणी वर्गांच्या 'लातूर पॅटर्न'चा अभिमान आहे. त्या पद्धतीने शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु सराव होतो तो मुख्यतः चार पर्यायांतून एक निवडण्याचा. पुढेही तेच. नेट परीक्षेत दीर्घ उत्तरांची एक प्रश्नपत्रिका होती. जून २०१२ पासून तीही वस्तुनिष्ठ झाली. म्हणजे सलग एक पान न लिहिताही महाविद्यालयात अध्यापनाची पात्रता मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या व्यक्तीकडून इंग्रजी शोधनिबंधांची अपेक्षा सुरू होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २००९ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे आवश्यक केले. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजले जाऊ लागले. मागणी अशी कायद्याने निर्माण झाली. लिहायला शिकविण्याची तरतूद झाली नाही. बाजाराने आपले काम चोख केले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली, आणि मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. २०२२ च्या नियमांत पूर्वप्रसिद्धीची अटही गेली. मधल्या बारातेरा वर्षांत किती शिष्यवृत्त्यांचे पैसे छपाईच्या शुल्कात गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

२०१८ च्याच नियमांनी वाङ्मयचौर्याचे टप्पे ठरविले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. चोरीला शिक्षा असावी, याबद्दल दुमत नाही. परंतु दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत कसा मांडावा हे ज्याला परक्या भाषेत कधीच शिकविले गेले नाही, तो मूळ वाक्याला चिकटून राहतो, कारण ते वाक्य बदलले तर चुकेल ही त्याला धास्ती असते. यंत्र साम्य मोजते; ही धास्ती मोजत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम केला, त्यात गैरप्रकार कोणते हे सांगितले जाते. पोहता न येणाऱ्याला बुडण्याविषयीचे कलम वाचून दाखविण्यासारखे ते आहे.

एक उदाहरण सांगतो. एका विद्यार्थिनीचा विषय आमच्या भागातील सालगडी. तिचे वडील स्वतः सालगडी होते. गुढीपाडव्याला ठरणारे साल, मुलीच्या लग्नासाठी आगाऊ घेतलेली उचल, ती फिटली नाही म्हणून त्याच मालकाकडे पुढचे साल, आणि गड्याच्या बायकोने वाड्यावर केलेल्या कामाची कोठेच नोंद नसणे, हे ती मराठीत अर्धा तास असे सांगते की ऐकणाऱ्याने टिपून घ्यावे. तिच्या इंग्रजी प्रकरणात मात्र सालगड्याचे 'पर्मनंट लेबर' झाले होते. ज्याचे साल पाडव्याला संपते तो कायम कामगार! उचलीमुळे तो बांधला जातो ही तिच्या संशोधनाची सारी कळ त्या दोन शब्दांत नाहीशी झाली होती. असे इंग्रजी गिरवीत ती आणखी दोन वर्षे बसली असती तरी उपयोग नव्हता. आम्ही आधी मराठीत व्याख्या लिहिली: मुदत किती, मोबदला कशात, उचल केव्हा, कुटुंबाचे श्रम कोणते. मग 'सालगडी' हा शब्द इंग्रजीतही तसाच ठेवून त्याखाली ती व्याख्या चार छोट्या वाक्यांत उतरविली. वाक्ये साधी होती; उपपदाची एक चूकही राहिली असेल. पण प्रथमच ते प्रकरण तिचे झाले. विचार मराठीत पक्का झाल्यावाचून इंग्रजी सुधारत नाही, हे माझे मत त्या दिवशी दृढ झाले.

भाषेच्या बाबतीत मराठवाड्याच्या गाठीशी एक जुना अनुभव आहे, तो आपण वापरीत नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. वैद्यक व अभियांत्रिकीसुद्धा. त्यासाठी आधीच्या वर्षी भाषांतर विभाग उभारून ग्रंथ आणि परिभाषा सिद्ध केल्या. भारतीय भाषेत उच्च विद्या शिकविणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा रोकडे उत्तर नाही. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. त्यांच्या मुलांना उर्दूही शिकावी लागे आणि इंग्रजीही. देशी भाषा आली म्हणजे लोकांची भाषा आली असे होत नाही, हा त्या प्रयोगाचा दुसरा अर्थ. महाराष्ट्राने १९६० नंतर भाषा संचालनालय काढले, परिभाषाकोश केले, अर्थशास्त्राचाही केला. शब्द तयार झाले. ते वापरून लिहिणारे तयार करण्याची व्यवस्था झाली नाही.

आता लोहियांविषयी. बर्लिनला गेल्यावर जर्मन शिकून घेऊन १९३३ साली तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. विषय होता मिठावरील कर. १९५६ साली हैदराबादेतून 'मॅनकाइंड' हे इंग्रजी मासिक त्यांनीच काढले. न्यायालय, कचेरी, विधिमंडळ आणि सक्तीचे शिक्षण यांतून इंग्रजीचे राज्य जावे, ही त्यांची मागणी होती. ती मला आजही योग्य वाटते. इंग्रजी कोणी शिकूच नये असे त्यांनी म्हटले नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात भारतातील जातींवर इंग्रजी निबंध वाचला आणि १९२० साली 'मूकनायक' मराठीतून सुरू केला. त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा १९२३ चा ग्रंथ अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आजही वाचावा असा आहे. दोन्ही भाषांत लिहिणे त्यांच्या बाबतीत शक्य झाले, कारण आपले लिखाण वाचून दाखवावे आणि इतरांनी ते खोडून पाहावे अशा वर्गात त्यांना बसता आले. नांदेडच्या वा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात असा वर्ग प्रत्येक संशोधकाच्या वाट्याला का येऊ नये?

आता यंत्रच इंग्रजी सुधारून देते, मग शिकवणी कशाला, असे एक तरुण साथी मला म्हणाले. यंत्र वाक्य सरळ करते हे खरे. 'पर्मनंट लेबर' हे त्याच्या लेखी निर्दोष इंग्रजी आहे. शिवाय २०२३ साली अमेरिकेत सात शोधक-यंत्रांची चाचणी घेतली गेली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरविले गेले. गरीब शब्दसंग्रह हाच पुरावा मानला गेला. म्हणजे यंत्राची मदत घेतली तर संशय आणि न घेतली तरीही संशय.

मागणी फार मोठी नाही. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमाला किमान १२ श्रेयांक असतात. त्यांतील दोन लेखनासाठी ठेवावेत. हा वर्ग विनामूल्य असावा, लातूरच्या उपकेंद्रातही चालावा, आणि प्रत्येक लेख आधी मराठीत व मग इंग्रजीत लिहून घ्यावा. सहाध्यायांनी तो तपासावा. निवृत्त शिक्षक त्यासाठी मिळतील, मी स्वतः येईन. प्रबंधासोबत वीस पानांचे मराठी सार सक्तीचे करावे आणि ज्या गावांतून माहिती गोळा केली त्या गावांच्या ग्रंथालयांत ते ठेवावे. अडचण एकच दिसते: मराठीत शोधनिबंध तपासण्याचा सराव मार्गदर्शकांनाही राहिलेला नाही, त्यामुळे पहिली एकदोन वर्षे त्यांनाही या वर्गात बसावे लागेल, आणि त्याला विरोध तेथूनच होईल. अधिसभेच्या निवडणुकीत पदवीधर मतदारसंघातून आपण जे उमेदवार उभे करतो, त्यांच्या पत्रकात वसतिगृह आणि शुल्कमाफीच्या खालोखाल हे कलम छापले जावे, असे मी जिल्हा शाखेला लेखी कळविले आहे.